नुसत्या शिरगणतीने नकाशा होत नाही



‘नकाशावर गावाचा ठिपका केवळ लोकसंख्येवरून ठरवावा’ हा मागील अंकातील पत्रलेखकांचा आग्रह वरवर बिनतोड वाटतो. पण त्या नियमाने रायगड जिल्ह्याचा नकाशा काढून पाहावा. २०११ च्या जनगणनेत अलिबागची लोकसंख्या सुमारे २० हजार, पनवेलची पावणेदोन लाखांहून अधिक. म्हणजे पनवेल ठळक, आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग बारीक अक्षरांत! जिल्हाधिकारी कचेरी शोधणाऱ्याला असा नकाशा काय कामाचा?

खुद्द जनगणनाही नुसती डोकी मोजून थांबत नाही. माथेरानची वस्ती ५ हजारांहून कमी, तरी नगरपरिषद असल्यामुळे ते शहरच. जिथे अशी संस्था नाही, तिथे तीन अटी लागतात: किमान ५ हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता आणि किमान ७५ टक्के मुख्य पुरुष कामकरी शेतीबाहेरचे.

शिवाय आकडे शिळे होतात. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आली. २०११ च्या तक्त्यात हे दिसणार कसे?

तालुक्याचे प्रत्येक ठिकाण सारखेच मोठे दाखवणे दिशाभूल करते, हा लेखकांचा मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणून दोन्ही निकष वेगळे ठेवावेत. ठिपक्याचा आकार लोकसंख्येवरून, त्याचे चिन्ह प्रशासकीय दर्जावरून. आणि आकडे कोणत्या वर्षाचे, हे सूचीत छापावे.

– एक वाचक, पेण