आडनाव विचारणारा नेमकं काय विचारतो?



चुडाव्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलं की शेजारचा माणूस आधी गाव विचारतो, मग नाव. नावावर भागत नाही, म्हणून पुन्हा विचारतो, "पूर्ण नाव?" नांदेडला खोली बघायला गेलो तेव्हा मालकाचाही हाच प्रश्न होता. आडनाव सांगितलं आणि सकाळपर्यंत रिकामी असलेली खोली 'कालच गेलेली' निघाली. हा प्रश्न ओळखीचा नाही, जातीचा दाखला मागण्याची ती सभ्य रीत आहे.

आणि हा दाखलाही खोटाच! जाधव, पवार, गायकवाड, मोरे ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांतही आहेत. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, तेही मराठ्यांत सापडतं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावाच्या नावापुढे 'कर' लावण्याची रीत सगळ्याच जातींची. 'आंबेडकर हे आडनाव ब्राह्मण शिक्षकाची देणगी' असं उठसूट सांगणारे हे गाव मात्र सोयीने विसरतात.

इटलीतल्या नेपल्स शहरात टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांना 'एस्पोझितो' हे आडनाव देत. अर्थच 'उघड्यावर ठेवलेला'. म्हणजे जन्मभराचा शिक्का. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बंद केली गेली. आज तेच आडनाव नेपल्समध्ये गल्लोगल्ली आहे आणि त्यावरून कुणी सोयरीक मोडत नाही. आडनाव तेच राहिलं, त्यामागचा व्यवहार मेला, म्हणून डंख गेला.

आपल्याकडे उलटं चाललंय. शहरात गेलेली आपली काही पोरं राजपत्रात आडनाव बदलून घेतात. खोली मिळावी म्हणून कुणी तसं केलं तर मी त्याला दोष देणार नाही, दोष खोली नाकारणाऱ्याचा. पण याला जातिअंत म्हणू नका. तामिळनाडूत स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिदर्शक नावं सोडण्याचा ठराव केला. लोकांनी ती सोडलीही. ते मोठं पाऊल होतं, तरी जात तिथून गेली नाही. कारण जात आडनावात राहत नाही, ती सोयरिकीत राहते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'त आंतरजातीय विवाहावर बोट ठेवलं आणि जातीला आधार देणाऱ्या धर्मशास्त्रांवर घाव घातला.

आता स्वतःकडे बघू. आपल्याच बैठकीत कुणी 'कांबळे' म्हणालं की हळूच विचारलं जातं, "कोणते कांबळे?" हे विचारणाऱ्याने पोचीराम कांबळे आठवावेत. १९७८ साली नामांतराच्या लढ्यात नांदेड जिल्ह्यात त्यांचा खून झाला. ते मातंग समाजाचे होते. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्यात त्यांचंही रक्त आहे. मारणाऱ्यांना त्यांची पोटजात आडवी आली नाही, मग आपल्याला का यावी?

म्हणून आडनाव लपवू नका आणि त्याचा मिजासही करू नका. विचारणाऱ्याला शांतपणे उलट विचारा, "आडनाव कळलं तर काय वेगळं कराल?" पण हा प्रश्न आधी घरात विचारा, बहिणीचं स्थळ बघताना. तिथे उत्तर देता आलं, तरच स्टेशनवर विचारण्याचा अधिकार आपला.

जय भीम! नमो बुद्धाय!