तारा जनतेच्या, गिऱ्हाईक कंपनीचे

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज कायद्याच्या दुरुस्तीचा आणखी एक मसुदा प्रसिद्ध केला. ‘आणखी एक’ असे म्हणावयाचे कारण उघड आहे. २०१४ साली लोकसभेत आलेले दुरुस्ती विधेयक तेथेच विरले. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत देशातला मजूर पायी गावाकडे चालला असताना, नवा मसुदा काढण्यात आला. दिल्लीच्या सीमेवर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत हा मसुदा मागे घेण्याची मागणी होती, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आंदोलन उठताना, चर्चा केल्यावाचून हे विधेयक संसदेत आणणार नाही, असे सरकारने लेखी कबूल केले. त्यास पुरते आठ महिने झाले नाहीत तोच, ८ ऑगस्ट २०२२ रोजी, विधेयक लोकसभेत मांडले गेले. विरोध झाल्यामुळे ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपुष्टात आले. दारातून इतक्या वेळा परत पाठविलेला पाहुणा पुन्हा कडी वाजवू लागतो, तेव्हा त्याची नजर घरातल्या कोणत्या वस्तूवर आहे हे पाहून घेतले पाहिजे.

एकाच प्रदेशात एकाहून अधिक कंपन्यांना वीज वितरणाचा परवाना द्यावा, आणि त्यांनी अस्तित्वात असलेल्या तारांवरूनच वीज पुरवावी, हा ह्यांतील बहुतेक मसुद्यांचा गाभा आहे. मोबाइलची कंपनी जशी बदलता येते तशी विजेची कंपनीही बदलता येईल, असे ग्राहकाला सांगितले जाते. पटकन पटावे असे हे बोलणे आहे. पण ते फसवे आहे. मोबाइल कंपन्यांनी निदान आपापले मनोरे उभारले. येथे खांब तेच, तारा त्याच, रोहित्रे तीच. आणि ती उभी राहिली सरकारी भांडवलातून, म्हणजे तुमच्याआमच्या पैशातून. शिवाय वितरण कंपनीच्या खर्चातला फार मोठा वाटा वीज विकत घेण्यावर जातो, आणि ही खरेदी वीसवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधलेली असते. तारा समान आणि विजेचा खर्चही पुष्कळसा ठरलेला, मग नवी कंपनी स्पर्धा करणार तरी कशात? करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गिऱ्हाईक निवडणे.

गिऱ्हाईक निवडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वीज कामगारांस वेगळे शिकवावे लागत नाही. २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाच्या कंपनीने राज्य वीज नियामक आयोगाकडे समांतर परवान्यासाठी अर्ज केला. अर्जातला प्रदेश कोणता होता? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. गडचिरोलीचे नाव त्यात नव्हते, नंदुरबारचे नव्हते, मेळघाटातल्या पाड्यांचे तर नव्हतेच. ४ जानेवारी २०२३ रोजी तिन्ही सरकारी वीज कंपन्यांतील कामगार, अभियंते व अधिकारी ७२ तासांच्या संपावर गेले. पहिल्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांना त्यांच्याशी बोलणी करावी लागली आणि खासगीकरण होणार नाही असे आश्वासन द्यावे लागले. तेव्हा संप मागे घेण्यात आला. संपकऱ्यांनी त्या दिवशी स्वतःच्या पगाराची मागणी केलेली नव्हती, ही गोष्ट वृत्तपत्रांनी फारशी ठळकपणे छापली नाही.

मुंबई उपनगरांनी तर समांतर परवान्याचा अनुभव प्रत्यक्ष घेतला आहे. टाटा आणि रिलायन्स ह्या दोन कंपन्या तेथे एकाच वेळी वीज विकत होत्या. मोठे ग्राहक एकीकडून दुसरीकडे जाऊ लागले, तेव्हा मागे उरलेल्या लहान ग्राहकांवर बोजा येऊ लागला. अखेर २०१२ साली आयोगाला मध्ये पडून टाटा कंपनीवर असे बंधन घालावे लागले की, काही काळ तिने फक्त महिना ३०० युनिटांपर्यंत वीज वापरणारे घरगुती ग्राहकच नव्याने घ्यावेत. खुद्द मुंबईसारख्या धनिक नगरीत हे घडले. मग जेथे दहा कारखान्यांच्या देयकांवर शंभर खेड्यांचा दिवा जळतो, तेथे काय होईल?

त्या दिव्याच्या जमाखर्चाला इंग्रजीत जड नाव आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो साध्या हिशेबाने समजून घ्यावा. शहरातील मॉलला वीज पोहोचविण्यास थोडी तार लागते आणि तो भरपूर युनिटे घेतो. डोंगरावरच्या वाडीला कोसभर तार न्यावी लागते, आणि तेथे दिवे जळतात चार. प्रत्येकाकडून त्याचा त्याचा खर्च वसूल करावयाचा ठरवले, तर वाडीची वीज सर्वांत महाग ठरेल. म्हणून कारखान्याकडून व व्यापाऱ्याकडून सरासरीहून थोडे जास्त आणि शेतीपंपाकडून व गरीब घराकडून थोडे कमी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००३ च्या कायद्याने ही वाटणी क्रमाने नष्टच करण्याचे लिहून ठेवले होते. २००७ च्या दुरुस्तीत त्यातला ‘नष्ट’ हा शब्द वगळण्यात आला व केवळ ‘कमी करणे’ ठेवण्यात आले. त्या एका शब्दासाठी डाव्या पक्षांना व संघटनांना बरेच झगडावे लागले होते. आता २०२५ च्या मसुद्यात कारखाने, रेल्वे व मेट्रो यांच्यावरील हा भार पाच वर्षांत संपविण्याची योजना आहे, आणि मोठ्या ग्राहकांना वीज पुरविण्याच्या बंधनातून वितरण कंपनीस मोकळे करण्याची तरतूदही आहे. मागल्या दाराने तोच शब्द पुन्हा आत येत आहे.

कोणी म्हणेल, राज्य सरकारने थेट अनुदान द्यावे, म्हणजे झाले. अनुदान द्यावयास आमची ना नाही. परंतु करांतील मोठा वाटा केंद्राकडे जातो आणि अनुदानाचा भार मात्र राज्यांवर टाकला जातो. वीज हा घटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. त्यावर केंद्राचा अधिकार आहे तसा राज्यांचाही आहे. धोरण दिल्लीने ठरवावे, नफा कंपनीने न्यावा आणि तूट राज्याने सोसावी, अशी वाटणी घटनाकारांना अभिप्रेत होती असे कोणी म्हणणार नाही.

मुळात ह्या देशात केंद्र सरकारने विजेचे काम अंगावर घेतले ते का, हे विसरून चालणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि वीज हा विषय त्याच खात्यात येत असे. औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही, स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, आणि अशी वीज खासगी नफ्याच्या हिशेबातून येणार नाही, ही त्यांची विचारसरणी होती. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्यांत त्यांनी ती मांडली. स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी व वीज ही खाती काकासाहेब गाडगीळांकडे आली आणि १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला. राज्याराज्यांत विद्युत मंडळे आणि वर केंद्रीय विद्युत प्राधिकरण ही रचना त्याच कायद्याची. १९४७ साली देशाची एकूण स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट होती. वीज होती ती मुख्यतः शहरांत, आणि पुष्कळशी खासगी कंपन्यांच्या हाती. खासगी कंपन्यांनी खेड्याकडून काय घेतले, हे १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीच्या धरणावर उभ्या राहिलेल्या मावळ्यांना विचारावे लागले असते. सार्वजनिक क्षेत्रानेही पाण्याखाली घातलेल्या गावांना न्याय दिला नाही. कोयनेच्या विस्थापितांच्या पिढ्या त्याची साक्ष देतात. पण पुढे १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आणि १९७५ साली औष्णिक व जलविद्युत महामंडळे उभी राहिली ती केंद्राच्या पैशावर. त्या काळी खेड्यापर्यंत तार नेण्यास एकही मक्तेदार पुढे आला नव्हता.

१९९१ नंतर केंद्राने आपली भूमिका बदलली. उभारणाऱ्याचा तो हमीदार झाला. दाभोळच्या कहाणीत हा बदल जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. खासगी वीज प्रकल्पांना भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल असा नियम १९९२ साली केंद्राने केला. त्याच वर्षी जूनमध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे १९९३ साली जागतिक बँकेनेही कळविले, आणि जागतिक बँक म्हणजे काही समाजवाद्यांची संस्था नव्हे! तरीही राज्याने हमी दिली व त्या हमीला केंद्राने प्रतिहमी दिली. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या केंद्र सरकारने, पडता पडता, त्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. १९९९ साली वीज आली ती अशा दराने की, मंडळाचे कंबरडे मोडले, आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे बंद केले. डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत निघाली. २००५ साली तो बंद पडलेला प्रकल्प पुन्हा उभा करण्याचे काम शेवटी सरकारी औष्णिक महामंडळ व सरकारी वायू कंपनी यांच्याच गळ्यात पडले. नफा खासगी, नुकसान सार्वजनिक, हे सूत्र आपण नेहमी भाषणात म्हणतो. दाभोळला ते करारपत्रावर लिहिलेले होते.

निर्मितीत जे दाभोळला झाले तेच वितरणात ओडिशात झाले. त्या राज्याने जागतिक बँकेच्या सल्ल्याने १९९९ साली, देशात सर्वांच्या आधी, वितरण खासगी कंपन्यांना दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आले. खांब कोसळले, तारा लोळल्या, आणि मध्य विभाग घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ साली हात झटकून निघून गेली. उरलेल्या तीन विभागांतील रिलायन्सचे परवाने २०१५ साली तेथील आयोगानेच रद्द केले. आता तेथे टाटांची कंपनी आहे. आमच्याकडेही औरंगाबाद, जळगाव व नागपूर येथील फ्रँचायझी मुदतीपूर्वीच गुंडाळल्या गेल्या आणि महावितरणला ती शहरे परत ताब्यात घ्यावी लागली. भिवंडीत खासगी कंपनी २००७ पासून टिकून आहे. तेथील यंत्रमागधारक व कामगार वाढत्या देयकांविरुद्ध वारंवार रस्त्यावर आले आहेत, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

येथे आपल्या बाजूच्या लोकांनीही एक कटू गोष्ट ऐकून घ्यावयास हवी. सार्वजनिक मालकीचे समर्थन म्हणजे मंडळाच्या कारभाराचे समर्थन नव्हे. राज्य विद्युत मंडळ वर्षानुवर्षे आपली गळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या आतबाहेर सांगत राहिले. आयोग नेमला गेल्यावर, २००० च्या सुमारास हिशेब तपासले गेले, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या घरात निघाली. मधली वीज गेली कोठे? मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर. चोरी कारखानदाराची, गळती गलथानपणाची, आणि बदनामी शेतकऱ्याची! ‘शेतकरी फुकटी वीज जाळतो’ हा शहरी मध्यमवर्गाचा लाडका समज ह्या खोट्या आकड्यांवर पोसला गेला. आणि त्याच शेतकऱ्याला वीज मिळते ती बहुधा रात्रीची. साप-विंचवात, चिखलात उभे राहून त्याने पाणी द्यावयाचे. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे देयक माफ केले. निवडणुकीच्या वर्षात ते झाले ह्यात नवल नाही. पण देयक शून्य झाल्याने रात्रीचा दिवस होत नाही. शेतकऱ्याला दिवसा, पुऱ्या दाबाने, हिशेबाची वीज हवी आहे, आणि ती मागणे हे ‘मोफत’च्या घोषणेहून कठीण राजकारण आहे.

केंद्राला काही करताच येत नाही अशातला भाग नाही. मे २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली, तेव्हा केंद्राने कायद्याचे अकरावे कलम वापरून आयात कोळशावरील खासगी केंद्रे चालू करावयास लावली व वाढीव खर्चही भरून देवविला. अधिकार आहे, इच्छाही आहे. ती कोणासाठी जागी होते एवढाच प्रश्न आहे. स्मार्ट मीटरसह वितरण सुधारणांच्या २०२१ च्या योजनेत तीन लाख कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा करता येतो, तर जुन्या वाहिन्या बदलणे, शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करणे आणि वायरमनच्या रिक्त जागा भरणे ह्यांस पैसा नाही असे म्हणता येणार नाही. खांबावर चढणारा माणूस आज पुष्कळ ठिकाणी कंत्राटी आहे. तो खांबावरून पडला तर त्याच्या कुटुंबाने कोणाकडे जावे, ह्याविषयी दुरुस्तीच्या मसुद्यांत आम्हांस काही आढळले नाही.

विधेयकास विरोध करावयाचा तो तालुक्यापासून करावा लागेल. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक शेतीवाहिनी घ्यावी. तिच्यावर पंप किती, मीटर किती चालू, वीज किती तास व कोणत्या वेळी येते, रोहित्र जळाल्यावर किती दिवसांनी बदलले जाते, हे लिहून काढावे. वीज कामगारांच्या संघटनांना सोबत घ्यावे. लाइनमनला जे ठाऊक असते ते कचेरीतल्या कागदात नसते. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर सूचना देतो, हरकती मागवितो व सुनावणी घेतो. तेथे कारखानदारांचे वकील वेळेवर हजर असतात. शेतकऱ्यांचा, यंत्रमाग कामगारांचा, झोपडपट्टीतील ग्राहकांचा माणूस क्वचितच दिसतो. पुढच्या सुनावणीस तो ह्या वहीसह हजर असला पाहिजे. प्रत्येक खासदाराकडे शिष्टमंडळ न्यावे आणि एकच प्रश्न लेखी विचारावा : नवी मुंबईचे ग्राहक दुसऱ्या कंपनीने नेल्यावर अक्कलकुव्याच्या पाड्यावरील तारेची दुरुस्ती कोणत्या पैशातून होणार? उत्तर आले तर ते ह्याच पृष्ठावर छापू. न आले तर कोणाकडून आले नाही ते छापू.