स्वयंपाकघराचा पंचनामा



रहस्यकथांमधला खून बहुधा बंगल्यात नाहीतर अंधाऱ्या गल्लीत होतो. सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्याला मात्र गुन्ह्याची जागा म्हटली की आधी स्वयंपाकघर आठवतं. म्हणूनच अन्न आणि गुन्हेगारी यांची सांगड घालणाऱ्या दोन अमेरिकी चित्रकादंबऱ्यांबद्दल इथे लिहावंसं वाटलं.

पहिली 'च्यू'. जॉन लेमन यांनी लिहिलेली, रॉब गिलरी यांनी चितारलेली ही मालिका २००९ ते २०१६ या काळात साठ अंकांत आली. बर्ड फ्लूने कोट्यवधी माणसं मेल्यावर सरकार कोंबडीवर बंदी घालतं, कोंबडी चोरून विकली जाऊ लागते आणि अन्न-औषध प्रशासन सर्वांत बलाढ्य खातं होऊन बसतं. नायक टोनी चू जे खाईल त्याचा सगळा इतिहास त्याला दिसतो. (बीट तेवढं अपवाद!) सूपमध्ये आचाऱ्याच्या कापलेल्या बोटाचं रक्त पडलेलं असतं, त्या चवीवरून त्याने केलेले खून उघडे पडतात. कल्पना किळसवाणी आहे, पण अन्न साक्ष देतं हे आपल्याला पटायला जड नाही.

बंदीचंही नवल नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली, तेव्हा राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरला होता. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. झडती घ्यायला कोणी घरात शिरलं, तर चुलीपाशी उभं कोण असतं?

दुसरी 'गेट जिरो!' २०१२ ची. तिच्या लेखकांपैकी अँथनी बोर्डेन स्वतः आचारी. इथल्या लॉस एंजेलिसमध्ये नामवंत आचारी टोळ्या चालवतात आणि सुशी चुकीच्या रीतीने खाणाऱ्याचं मुंडकं जिरो उडवतो. टोळीप्रमुखांत एक बाई आहे, हे मान्य. पण रोजचा, बिनपगारी, दोन वेळचा स्वयंपाक हा या कथांचा विषयच नाही. पुरुषाने सुरी धरली की ती कला, असं इथेही दिसतं.

'च्यू'मध्ये टोनीला जुळी बहीण आहे. जिवंत प्राण्याचा चावा घेतला की तिला भविष्य दिसतं. मालिकेतलं सर्वांत हसरं पात्र हेच असावं. मध्यावर तिचा खून होतो आणि नायकाला लढायला कारण मिळतं. मेल्यावरही ती भावाला वाट दाखवते, तेवढा लेखकाचा मोठेपणा. नायकाच्या रागासाठी बाईला मारायचं, ही कॉमिक्समधली जुनी खोड. १९९४ च्या एका 'ग्रीन लँटर्न' अंकात नायकाच्या मैत्रिणीचं प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेलं सापडतं. त्यावरून गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा मारल्या-मोडल्या गेलेल्या नायिकांची यादीच केली आणि तिला नाव दिलं 'फ्रिजमधल्या बायका'.

आपल्याकडे फ्रिजऐवजी स्टोव्ह होता. 'स्टोव्हचा भडका उडाला' या एका ओळीत किती मृत्यू मिटवले गेले! जो भडका फक्त सुनेच्याच वेळी उडतो, त्याचा तपास करणारा टोनी चू कुठून आणायचा?

आणि प्रत्येक गुन्ह्यात प्रेत नसतं. पिठाच्या डब्याला कुलूप. बाळंतिणीला शिळा भात. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मारहाण. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या घटना अहवालात 'अन्न, कपडे, औषधं न देणं' आर्थिक हिंसा म्हणून नोंदवता येतं. तरी बाईला नुसतं विचारलं तर ती म्हणते, "जेवणाचं काय सांगायचं, ताई?" दिवसभरात काय शिजलं, कोणी वाढलं, तुझ्या ताटात काय आलं, असं एकेक विचारलं की सगळं बाहेर येतं. ही माहिती शब्दांपेक्षा चित्रांच्या चौकटींत जास्त नेमकी मांडता येईल असं मला वाटतं. पोस्टर प्रदर्शनं आणि पथनाट्यं आपण केलीच आहेत. दुर्गाबाई व्याम यांनी सुभाष व्याम यांच्यासोबत २०११ मध्ये 'भीमायन' चितारलं, त्यात पाणी नाकारण्याची गोष्ट गोंड चित्रशैलीत आहे.

पुढच्या अंकात चार पानं यासाठी ठेवली आहेत. चित्र येत नाही म्हणून थांबू नका. चौकट आखा, आत डबा काढा, डब्याला कुलूप काढा, आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते दाखवा. नावं, गावं मात्र बदला.