उंबरठ्यावरची आकडेवारी

घरगुती ऊर्जावापराची पाहणी करणारा तरुण सक्करदऱ्यातील एखाद्या दारी उभा राहतो, तेव्हा त्याची प्रश्नावली बहुधा उंबरठ्यापाशीच थांबते. ‘गॅस आहे का?’ ‘आहे.’ रकाना भरतो. मागील अंगणात तीन विटांवर तापणारे अंघोळीचे पाणी त्या रकान्यात कोठेच उतरत नाही. उत्तर देतो तो घरातील पुरुष. चूल ज्याने कधी फुंकली नाही, त्याला सरपणाचा हिशेब काय ठाऊक असणार?

2011च्या जनगणनेने स्वयंपाकाचे मुख्य इंधन विचारले. देशातील 49 टक्के कुटुंबांनी लाकूड सांगितले. घरात स्नानाची सोय आहे का, हेही विचारले गेले. स्नानाचे पाणी कशावर तापते, हे मात्र नाही! पुढे 2016 साली उज्ज्वला योजना आली, कोट्यवधी घरांत सिलिंडर पोहोचले. हे कार्य मोठेच. परंतु दिल्लीतील ‘काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर’ या संस्थेने 2019-20 मध्ये 21 राज्यांतील सुमारे 15 हजार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा गॅसजोडणी 85 टक्के घरांत आढळली, गॅस हे मुख्य इंधन 70 टक्के घरांत, आणि लाकूड-गोवऱ्यांसारखे इंधन थोडेफार तरी जाळणारी घरे निघाली 54 टक्के. पहिल्या आकड्यावर थांबणारा अधिकारी धूर संपला असेच मानील. गृहिणीचा खोकला तिसऱ्या आकड्यात आहे.

विजेची गत याहून निराळी नाही. ही पाहणी नोव्हेंबर ते मार्च या काळातील. त्या दिवसांत नागपूरचा कूलर ताडपत्रीखाली झाकलेला असतो. 23 मे 2013 रोजी याच नगरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. तशा उन्हाळ्यातील वीजवापर थंडीत स्मरणाने सांगायचा, म्हणजे अंदाजपंचेच कारभार! वस्तुतः महावितरणच्या देयकावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. ते देयक मागून घ्यावे, आणि एक फेरी मे महिन्यात अवश्य करावी.

सर्वांत अवघड प्रश्न भाडेकरूंचा. जुन्या वस्तीत एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे चालतात. पाहणीत ते एकच घर ठरते आणि तेही ‘अधिक वीज वापरणारे’. महाराष्ट्रात पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी. तीन बिऱ्हाडांची बेरीज ती मर्यादा सहज ओलांडते आणि चढ्या दराचा भार शेवटी एका खोलीत राहणाऱ्यावर पडतो. तो कोणत्याच यादीत नाही. त्याला विचारायला गेले तरी तो पंखे दोनाऐवजी एक सांगतो, कारण शिधापत्रिका रद्द होईल ही धास्ती. ही माहिती कशासाठी हवी, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. त्याला पाच मिनिटे अधिक लागतील, एवढेच. मीटर मोजण्याऐवजी चुली मोजल्या, तर सक्करदऱ्याच्या एकाच गल्लीत कुटुंबांची संख्या वाढलेली दिसेल.