बद्रीनाथचं कपाट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या तुळिंजच्या चौथीच्या वर्गात परिपाठाला एका मुलीने बातमी वाचली, "बद्रीनाथचे कपाट हिवाळ्यासाठी बंद." लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, थंडीतच कपाट बंद केलं तर देवाचा स्वेटर कसा काढणार?"

वर्ग खो खो हसला. तेवढ्यात उत्तर प्रदेशातून त्याच वर्षी आलेला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, कपाट म्हणजे किवाड. दरवाजा." मग तर हसू आवरेना! मीही घाईघाईत म्हणाले, "अरे, कपाट म्हणजे अलमारी. बस खाली." तो बसला आणि दिवसभर गप्पच राहिला.

घरी गेल्यावर मला काही राहवेना. शब्दकोश उघडला, तर बरोबर तोच होता! संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, दरवाजा. बर्फामुळे बद्रीनाथचं दर्शन हिवाळाभर बंद असतं, तेव्हा बंद होतात ते देवळाचे दरवाजे. बोलता बोलता याच शब्दाचं हिंदीत किवाड झालं नि मराठीत कवाड. म्हणजे आपल्याकडे हा शब्द दोनदा आलाय की! कवाड अंगणाला आणि कपाट कपड्यांना. गुजरातीतही आपल्यासारखंच, कबाट म्हणजे कपाटच. पूर्वी भिंतीत फडताळ असायचं (आजीला विचारा). त्याला दारं लावली आणि दाराचंच नाव सगळ्या फडताळाला चिकटलं असावं, असा माझा आपला अंदाज.

आणि गंमत म्हणजे, त्याला समजावं म्हणून मी जो 'हिंदी' शब्द वापरला ना, अलमारी, तो मुळात पोर्तुगीजांचा! त्यांच्या 'आर्मारिओ'वरून आलेला. हो, तेच पोर्तुगीज, ज्यांच्याकडून चिमाजीअप्पांनी १७३९ साली आपला वसईचा किल्ला जिंकला.

दुसऱ्या दिवशी परिपाठातच मी सांगितलं, "काल बाई चुकल्या. तो बरोबर होता." स्वेटरवाल्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीनंतर पाहते तो काय, वर्गाच्या दारावर खडूने मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं: 'कपाट'. मी काही ते पुसलं नाही.