करार पिकाएवढा

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. त्याचे फुटवे मोजणाऱ्या, त्याच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, वहीत उतरवणाऱ्या माणसाचा करार अकरा महिन्यांचा असतो. ऊस उभा राहतो, माणूस जातो. आमची चळवळ या काही महिन्यांच्या फरकातून उभी राहिली आहे.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले विज्ञानाचे कामकरी आहोत. प्रकल्पांवर एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन अधिछात्र, म्हणून राबणारे आमच्यात आहेत. तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारे आहेत. माती-पाण्याचे नमुने तपासणारे कंत्राटी तंत्रज्ञ आहेत. एम.एस्सी. करून, नेट-सेट पार करून, पीएच.डी.चा प्रबंध कपाटात ठेवून दर वर्षी त्याच टेबलासमोर मुलाखतीला बसणारे आहेत. आणि रोजंदारीवरच्या मावशीही आमच्यातच आहेत, कारण कोणत्या पट्ट्यात कोणता वाण आहे हे पाटी न वाचता सांगणारे शास्त्र त्यांच्याकडे आहे.

आमच्यातल्या एकीची हकीकत सांगतो. तिने एका संशोधन केंद्रावर आडसाली उसाची चाचणी लावली. लागण तिच्या देखरेखीखाली झाली, उगवण तिने मोजली, मोठी बांधणी तिच्यासमोर झाली. पुढच्या जूनअखेर करार संपला. "निधी आला की बोलावतो," एवढेच तिला सांगण्यात आले. निधी दिवाळीनंतर आला. तोवर ती एका बियाणे कंपनीची पिशवी खांद्याला लावून बीडकडच्या दुकानांतून फिरत होती. तिच्या जागी नवा मुलगा आला. पावसाने लेबलांवरची शाई धुऊन गेली होती, वहीत जुलै ते नोव्हेंबरचे रकाने कोरे होते. तो प्लॉटच्या कडेला उभा राहिला तेव्हा खुरपणीवरच्या मावशीने त्याला हाताला धरून आत नेले. "ह्यो चौथा पट्टा. बाई ह्याला लाल दोरा बांधायच्या." दोरा अजून होता. त्या दोऱ्यामुळे निम्मी चाचणी वाचली. उरलेली निम्मी अहवालातून गाळली गेली, आणि ती गाळली गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

या कोऱ्या रकान्यांची किंमत कोण मोजतो? ती शेतकरी मोजतो. महाराष्ट्राच्या शिवारात वर्षानुवर्षे पसरलेला को 86032 हा ऊस पाहा. कोईमतूरला संकर झाला, नावातला 86 हा 1986 सालचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून 'नीरा' या नावाने तो महाराष्ट्रासाठी शिफारस झाला 1996 मध्ये. मधली दहा वर्षे लागण, खोडवा, पुन्हा लागण, वेगवेगळ्या जमिनी, वेगवेगळे हंगाम, आणि प्रत्येक टप्प्यावर हजारो आकडे. तेवढ्या काळात अकरा महिन्यांचे दहा-अकरा करार बसतात. म्हणजे आज असा वाण तयार व्हायचा झाला तर तो दहा-अकरा अनोळखी हातांतून जाईल, आणि प्रत्येक हात जाताना थोडे काही सोबत घेऊन जाईल: डोळ्याची सवय, एखाद्या बुटक्या रोपाबद्दलचा संशय, लाल दोरा. वहीत हे काही उतरत नाही. विजय हरभरा, भगवा डाळिंब, त्रिवेणी गाय ही राहुरीची देणगी जिल्ह्याच्या घराघरांत पोचलेली आहे. ज्यांच्या हातून ती घडली ती माणसे एका जागी टिकली, म्हणून ती घडली.

आज राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीत, मंजूर पदांचा मोठा हिस्सा रिकामा आहे. महाविद्यालयांतही तेच. रिकाम्या खुर्चीवर तासिका बसवली जाते, आणि तासिकेला उन्हाळा नसतो, आजारपण नसते, दिवाळीही बहुधा नसते, कारण बिल निघालेले नसते. वय पस्तिशीला येते. स्थळ घेऊन आलेले पाहुणे पोह्यांच्या बशीवरून पहिला प्रश्न विचारतात, "परमनंट आहे का?" बँकेचा माणूसही तोच प्रश्न विचारतो. शिक्षणासाठी एक एकर विकलेला बाप हा प्रश्न विचारत नाही. तो फक्त करार संपायचा महिना लक्षात ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या शहराजवळची व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था चेन्नईला हलणार, अशी बातमी पसरली आणि जिल्हा खडबडून जागा झाला. ते योग्यच झाले. पण इमारत हलताना दिसते. माणसे एकेक करून जातात तेव्हा दिसत नाहीत. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यातून किती प्रशिक्षित डोळे, किती सरावलेले हात निघून गेले, याची नोंद कुणाकडे नाही. ती नोंद आम्ही ठेवणार आहोत.

हे दुखणे एकट्या नगरचे नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने एका दिवसात 168 जणांना कामावरून काढले. त्यातल्या अनेकांना पुढच्याच महिन्यात परत घ्यावे लागले. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांचे घरी आलेले फोन तेव्हा लांबले होते. त्या मुलांना 'परत या' म्हणण्याआधी इकडे त्यांना कोणती खुर्ची देणार, हे सांगता आले पाहिजे.

आता आम्ही काय मानतो ते सांगतो.

आम्ही मानतो की प्रयोगाला स्वतःचे वय असते आणि करार त्या वयाला बांधलेला असला पाहिजे. हरभऱ्याची चाचणी तीन रब्बी हंगामांची असेल तर करार तीन रब्बींचा. उसाची असेल तर लागण आणि खोडवा, दोन्ही तुटेपर्यंतचा. दुभत्या जनावरांवरचा प्रयोग असेल तर वेताच्या हिशेबाने. हा हिशेब मंत्रालयातल्या कारकुनालाही कळेल आणि शेवगावच्या शेतकऱ्यालाही.

आम्ही मानतो की विज्ञान ही सहकाराने जपायची मालमत्ता आहे, आणि हे या जिल्ह्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी 1950 मध्ये शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना सुरू केला. एकेकट्याला सावकाराने आणि बाजाराने नागवले होते. एकत्र आल्यावर धुराडे पेटले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच नगरात, सिंथिया फरार यांच्या शाळेत घेतले. जोतिरावांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली-बंधाऱ्यांनी पाणी मुरवण्याची आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्र शिकवण्याची मागणी मांडली. ती मुले शिकली. शास्त्र घेऊन गावात परतली. त्यांना आता दर अकरा महिन्यांनी फाटकाबाहेर उभे करायचे का, एवढाच प्रश्न आहे.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलतो, कारण ती टाळली तर आमचे बोलणे पोकळ होईल. प्रत्येक प्रकल्पातून प्रत्येकाला कायम पद मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी निकालात सांगितले की सरकारी नोकरीचे दार सर्वांना सारखे उघडे हवे, मागच्या दाराने भरती नको. ते तत्त्व आम्हाला मान्य आहे. परीक्षेला आम्ही भीत नाही, आम्ही दर वर्षी देतोच. पण त्याच निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या माणसाकडून करून घेणे, हे न्यायालयालाही मान्य नाही. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात त्याने तसे स्पष्ट केले. ती लढाई कुणी लढली हे आमच्या प्रत्येक डॉक्टरेटने लक्षात ठेवावे: केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बायांनी आणि बागकाम करणाऱ्या माणसाने. 2016 च्या जगजित सिंग निकालाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचे सांगितले. 2023 च्या कविता यादव निकालाने सांगितले की करार संपला म्हणून प्रसूतीचे लाभ संपत नाहीत. आमच्यातल्या किती जणींनी पोट दिसायच्या आत राजीनामा लिहिला, कारण हे त्यांना कुणी सांगितलेच नाही.

म्हणून आम्ही कामाला लागत आहोत.

आम्ही जिल्ह्याच्या विज्ञान कामकऱ्यांची वही उघडत आहोत. चौदाही तालुक्यांतून कोण कोणत्या प्रयोगावर होते, किती काळ होते, कधी आणि का गेले, हे त्यात लिहिले जाईल. प्रसारित होणाऱ्या प्रत्येक वाणाच्या कागदावर चाचण्या सांभाळणाऱ्या एसआरएफचे आणि खुरपणीवरच्या मावशीचे नाव यावे, ही मागणी आम्ही याच वहीच्या आधारे करू.

आम्ही जिल्ह्यातल्या डझनाहून अधिक साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत जाऊ. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या वर्गणीवर उभी राहिली, हे सभासदांना ठाऊक आहे. आम्ही त्यांच्याकडे सेतू निधी मागू: गाळलेल्या टनामागे थोडेसे पैसे, जे एका प्रकल्पाचा निधी थांबला आणि दुसरा यायचा आहे त्या महिन्यांत माणसाचा पगार चालू ठेवतील. फुटवे मोजणारा टिकला तर टनेज कुणाच्या शेतात वाढते, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आम्ही विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे तासिकांचे बिल दर महिन्याला मागू, रिकाम्या पदांची भरती मागू, आणि करारपत्रावर 'अकरा महिने' याऐवजी पिकाचे नाव आणि काढणीचा महिना मागू.

आणि आम्ही प्रयोग थांबवणार नाही. तुऱ्यावर आलेला ऊस आणि घाट्यावर आलेला हरभरा आमच्या मागण्यांसाठी वेठीला धरला जाणार नाही. दोन करारांच्या मध्ये जो एक दिवसाचा ब्रेक दिला जातो, त्या दिवशी आम्ही सगळे मिळून त्या प्लॉटच्या बांधावर बसू. ज्याचा ब्रेक असेल तो त्या दिवशीची निरीक्षणे मोठ्याने वाचेल आणि शेजारचा शेतकरी ती लिहून घेईल. रकाना कोरा राहणार नाही.

पहिली बैठक आडसाली लागणीच्या सुरुवातीला, 15 जुलैला, राहुरीत आहे. तुम्ही प्रयोगशाळेत असा, वर्गात असा, शेतात असा, की सोडून गेलेले असा, या. आई-वडिलांना घेऊन या. येताना पहिल्यापासूनची सगळी नियुक्तिपत्रे आणा, कोरे रकाने असलेली वही असेल तर तीही आणा. दोरा आम्ही आणतो, लाल.