विश्लेषण : छातीसाठी डिक्लाइन प्रेस खरेच गरजेचा आहे का?

सोमवारी संध्याकाळी बहुतेक जिममध्ये फ्लॅट बेंचसाठी नंबर लागलेला असतो. कोपऱ्यातल्या डिक्लाइन बेंचवर मात्र टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. त्याच वेळी मोबाइलवरच्या रील्स सांगत असतात, की 'लोअर चेस्ट' हवी असेल तर डिक्लाइनला पर्याय नाही. नोकरी-कॉलेज सांभाळून तासभर व्यायाम करणाऱ्याने यातले काय खरे मानायचे?

डिक्लाइन प्रेस म्हणजे काय?

यात बेंच साधारण १५ ते ३० अंशांनी खाली झुकवलेला असतो. डोके खाली, पाय वर आणि रोलरमध्ये अडकवलेले. बार छातीच्या खालच्या भागावर आणून वर ढकलायचा. छातीचा मोठा स्नायू, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर, पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचे वरचे तंतू कॉलर बोनपासून निघतात, तर उरलेले छातीच्या मधल्या हाडापासून, बरगड्यांच्या कूर्चांपासून आणि पोटाच्या वरच्या पडद्यापासून. सगळे तंतू दंडाच्या हाडाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हात ज्या दिशेने ढकलला जातो, त्यानुसार कोणत्या तंतूंवर जास्त भार येणार हे ठरते. डिक्लाइनमध्ये हात पायांच्या दिशेला ढकलले जात असल्याने खालच्या तंतूंना काम मिळते. इथपर्यंत रील्सचे म्हणणे बरोबर आहे.

संशोधन काय सांगते?

१९९७ मध्ये ग्लास आणि आर्मस्ट्राँग यांनी स्नायूंतील विद्युत हालचाल मोजून डिक्लाइन आणि इन्क्लाइनची तुलना केली. खालचे तंतू डिक्लाइनमध्ये जास्त सक्रिय आढळले. पण ही तुलना इन्क्लाइनशी होती, फ्लॅटशी नव्हे. १९९५ मध्ये बार्नेट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात छातीच्या मधल्या हाडापासून निघणारा भाग डिक्लाइनपेक्षा सपाट बेंचवर अधिक सक्रिय दिसला. म्हणजे डिक्लाइन ज्या भागासाठी करतात, त्या भागाला फ्लॅट बेंचही पुरेसे काम देतो. इन्क्लाइनचे तसे नाही. साधारण ३० अंशांचा कोन वरच्या तंतूंना वेगळे काम देतो, जे फ्लॅटमध्ये तितकेसे होत नाही.

मग वजन जास्त का उचलले जाते?

डिक्लाइनमध्ये अनेकांचा बार पाच-दहा किलोंनी वाढतो आणि तेच त्याचे आकर्षण ठरते. पण यामागे साधे गणित आहे. समजा, फ्लॅटवर ६० किलोचा बार ४० सेंटीमीटर हलतो. डिक्लाइनवर ६६ किलो उचलले, पण अंतर ३६ सेंटीमीटरच राहिले. दोन्हींचा गुणाकार करून पाहा : २,४०० आणि २,३७६. काम जवळपास तेवढेच. वाढतो तो बारवरचा आकडा. शिवाय खांद्याच्या पुढच्या स्नायूला यात कमी कष्ट पडतात.

मग तो निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया ठरलेले डोरियन येट्स फ्लॅटपेक्षा डिक्लाइनला पसंती देत. फ्लॅट बेंचवर ज्यांच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, त्यांच्यापैकी काहींना डिक्लाइन सोसवतो. अशांसाठी तो फ्लॅटच्या जागी चांगला पर्याय आहे. मात्र 'फ्लॅट, इन्क्लाइन आणि वर डिक्लाइनही' असा तिसरा प्रकार जोडण्याची बहुतेकांना गरज नाही. त्याऐवजी किंचित पुढे झुकून मारलेले डिप्स जवळपास त्याच दिशेने भार देतात आणि त्यासाठी दोन समांतर बार पुरतात.

घरी व्यायाम करणाऱ्यांचा इथे एक घोळ होतो. पाय खुर्चीवर ठेवून मारलेल्या पुश-अपला 'डिक्लाइन पुश-अप' म्हणतात, पण त्याचा भार इन्क्लाइन प्रेससारखा छातीच्या वरच्या भागावर येतो. उलट हात उंचावर ठेवले, तर तो डिक्लाइन प्रेसच्या जवळ जातो. नाव एकच, काम उलटे. आपल्या तालमीतले जोर मारताना तर शरीर वरून खाली आणि पुन्हा वर सरकते, त्यामुळे भाराचा कोन एकाच फेरीत बदलत जातो.

'लटकणारी छाती' यामुळे जाते का?

डिक्लाइनकडे वळणाऱ्या अनेक तरुणांचा खरा प्रश्न हाच असतो, पण तो ट्रेनरला विचारायची लाज वाटते. उत्तर स्पष्ट आहे : नाही. एखाद्या ठिकाणचा व्यायाम केल्याने त्याच ठिकाणची चरबी वितळत नाही. ती आहार आणि एकूण हालचालीमुळे सगळ्या शरीरातून कमी होते. स्तनाग्राखाली घट्ट, दुखरी गाठ लागत असेल, तर ती चरबी नसून ग्रंथींची वाढ, म्हणजे गायनेकोमास्टिया असू शकते. किशोरवयात ती बहुधा आपोआप ओसरते. पण स्टेरॉइडच्या इंजेक्शनांमुळेही ती होऊ शकते. अशा वेळी बेंचचा कोन बदलण्याऐवजी डॉक्टरांना दाखवणे योग्य.

कोणी जपून करावा?

डोके खाली असल्याने डोक्यातील आणि डोळ्यांतील दाब वाढतो. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी हा प्रकार टाळावा. बार हातातून सुटला तर तो मान-चेहऱ्याकडे घरंगळतो आणि पाय अडकलेले असल्याने चटकन उठताही येत नाही. त्यामुळे बार देणारा-घेणारा जोडीदार हवाच. एकट्याने करायचा असेल तर डंबेल बरे.

निष्कर्ष काय?

आठवड्याला छातीचे दोनच दिवस मिळत असतील, तर फ्लॅट आणि ३० अंशांचा इन्क्लाइन नीट करावा, दर काही आठवड्यांनी वजन किंवा रिपिटेशन वाढवावीत आणि वेळ उरला तर डिप्स मारावेत. खांदा कुरकुरत असेल तर फ्लॅट काढून डिक्लाइन घ्यावा. तो मोकळा बेंच वाईट नाही, पण तो चुकला म्हणून छाती अर्धवट राहील ही भीती मात्र सोडून द्यावी.